बडोद्याहून योकुलसारलोन: हिमखंडांचं सरोवर भरती-ओहोटी बघून कसं पाहावं

आइसलँडच्या आग्नेय किनाऱ्यावर योकुलसारलोन नावाचं सरोवर आहे. वात्नायोकुल या विशाल हिमाच्छादनाचा एक फाटा, ब्रेयदामेर्कुरयोकुल नावाची हिमनदी, तिथे पाण्यात उतरतो आणि त्याचे तुटलेले कडे निळ्या-पांढऱ्या हिमखंडांच्या रूपात तरंगत समुद्राकडे सरकतात. बडोद्यातून युरोपला जाणाऱ्या पुष्कळ मंडळींच्या यादीत आता हे नाव असतं. बहुतेक जण मात्र राजधानी रेक्याविकहून एका दिवसाची बस पकडतात, दहा-अकरा तास रस्त्यावर घालवतात आणि सरोवरापाशी जेमतेम दीड-दोन तास थांबून परततात. इतक्या लांब जाऊन असं करू नये, कारण हे सरोवर समुद्राला जोडलेलं आहे. दिवसातून दोनदा भरतीचं पाणी आत शिरतं, दोनदा ओहोटीचं बाहेर पडतं आणि बर्फ कुठे दिसेल हे त्यावरच ठरतं. भरतीत समुद्राखाली जाणाऱ्या कावी-कंबोईच्या स्तंभेश्वर महादेवाला निघताना आपण भरतीची वेळ आधी विचारतो ना, तसंच इथेही करायचं. सरोवराजवळ एक रात्र काढलीत, म्हणजे किमान दोन भरत्या हाती लागतात.

आधी सरोवर कसं चालतं ते समजून घ्या, पुढचं सगळं नियोजन त्यावर बेतलेलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही हिमनदी जवळजवळ समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोचलेली होती. नंतर ती मागे हटू लागली. तिने जमिनीत कोरलेला खोल चर पाण्याने भरत गेला आणि 1934-35 च्या सुमारास सरोवर दिसू लागलं. तेव्हापासून ते वाढतंच आहे. हा चर समुद्रसपाटीच्या खूप खाली जातो. त्यामुळे पाण्याची खोली 250 मीटरच्या आसपास भरते आणि हे आइसलँडमधलं सर्वांत खोल सरोवर ठरतं. समुद्राकडे जाणारी योकुलसाउ नदी अगदीच आखूड आहे, लांबी सुमारे अर्धा किलोमीटर. तिच्यावर 1967 साली बांधलेला एकपदरी झुलता पूल आहे. हिमनदीपासून सुटलेला मोठा खंड थेट समुद्रात जाऊ शकत नाही. त्याचा बुडालेला भाग नदीच्या तोंडाशी उथळ तळाला टेकतो आणि तो अडकून पडतो. वितळून, तुटून पुरेसा लहान होईपर्यंत तो तिथेच राहतो, कधी कधी काही वर्षंसुद्धा. म्हणूनच पुलाजवळच्या काठावर मोठे खंड दाटीने उभे दिसतात आणि समुद्रकिनाऱ्यावर मात्र लहान, पारदर्शक तुकडे सापडतात.

भरतीच्या वेळी समुद्राचं खारं पाणी नदीतून उलटं आत येतं. त्याच्याबरोबर मासे येतात आणि माशांच्या मागे सील येतात. त्या वेळी नदीच्या पात्राकडे लक्ष ठेवा, पाण्यातून वर आलेली गोल डोकी दिसतील. ओहोटी लागली की प्रवाह फिरतो आणि हिमखंड एकमेकांवर आपटत, कधी कोलांटी घेत पुलाखालून समुद्राकडे निघतात. हे दृश्य पाहायचं तर ओहोटी सुरू झाल्यावर दोन-तीन तास काठावर थांबावं. समुद्रात गेलेले तुकडे लाटा परत काळ्या वाळूवर आणून टाकतात. या किनाऱ्याला सगळे डायमंड बीच म्हणतात आणि तो रस्त्याच्या पलीकडे, नदीच्या दोन्ही बाजूंना पसरला आहे. पाणी उतरत असताना तिथे जावं, कारण त्या वेळी ओल्या वाळूवर ताजे तुकडे उघडे पडलेले असतात. वेळापत्रकासाठी होफ्न या जवळच्या बंदराची भरतीची वेळ बघा. नदीचं तोंड अरुंद असल्यामुळे बाहेर भरती संपली तरी आत पाणी शिरत राहतं. त्यामुळे सरोवरातला बदल किनाऱ्यापेक्षा मागाहून जाणवतो, तेवढा हिशेब धरा.

वाऱ्याचाही हात असतो. हिमनदीकडून, म्हणजे उत्तरेकडून वारा असला की बर्फ पुलाकडे गोळा होतो. समुद्राकडून वाहिला की तो आत ढकलला जातो आणि काठ रिकामा दिसतो. किनाऱ्यावर एखाद्या दिवशी एकही तुकडा नसतो, हे आधीच मनाशी ठेवा आणि घरच्यांनाही सांगा. फोटोत पाहिलेला किनारा रोज तसाच मिळेल या भरवशावर सहल आखली की हिरमोड होतो.

कधी जावं

गुजरातमधल्या शाळांना मे महिन्याची आणि दिवाळीची अशा दोन मोठ्या सुट्ट्या असतात, आणि या सरोवरासाठी दोन्ही उपयोगाच्या आहेत. मे मध्यापासून जूनपर्यंत बोटी चालू असतात, रात्री उशिरापर्यंत उजेड राहतो आणि रस्ते मोकळे असतात. जूनमध्ये सूर्य जेमतेम मावळतो. त्यामुळे संध्याकाळी सात-आठनंतर, रेक्याविकच्या बसगाड्या परतल्यावर, सोनेरी उजेडात सरोवर निवांत बघता येतं. कुटुंबाबरोबर पहिल्यांदा जाणाऱ्यांनी हाच काळ निवडावा असं आम्हाला ठामपणे वाटतं. दिवाळीच्या सुट्टीत दिवस लहान होत जातो, पण रात्री ढग नसतील तर ध्रुवीय प्रकाश दिसण्याची शक्यता असते. तो सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत दिसतो. बोटी साधारण ऑक्टोबरपर्यंतच असतात, म्हणून दिवाळी नोव्हेंबरात आली तर बोटीची आशा धरू नका.

बर्फाच्या गुहा हा वेगळा विषय. त्या नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या काळात, वाटाड्याबरोबरच बघायच्या. 25 ऑगस्ट 2024 रोजी याच ब्रेयदामेर्कुरयोकुलवर बर्फ कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला. उन्हाळ्यात वितळलेलं पाणी गुहेच्या भिंती पोकळ करतं आणि वरून ते कळत नाही. उन्हाळ्यात कुणी गुहा दाखवतो म्हणालं, तर नाही म्हणा.

व्हिसा आणि विमान

आइसलँड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री काढणार त्याच देशाकडे करायचा असतो. स्वित्झर्लंडमध्ये सहा रात्री आणि आइसलँडमध्ये चार असतील, तर अर्ज स्वित्झर्लंडकडे. इथे चूक झाली की अर्ज परत येतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी द्यावाच लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस लागतात, पण गरज वाटली तर ते 45 दिवसांपर्यंत ताणू शकतात. मेच्या सुट्टीसाठी फेब्रुवारीतच कागद तयार ठेवा, कारण उन्हाळ्यापूर्वी व्हिसा केंद्रात वेळ मिळणं हेच सर्वांत अवघड असतं. शुल्क प्रौढांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45 युरो, त्याहून लहानांना नाही. केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी असलेला हवा. प्रवासविम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोचं असावं. पॉलिसीवरच्या तारखा तिकिटाच्या तारखांपेक्षा एक-दोन दिवस जास्तच ठेवा.

भारतातून आइसलँडला थेट विमान नाही. अहमदाबादहून आखाती शहर, तिथून युरोपातलं एखादं शहर आणि मग आइसलँडचा केफ्लाविक विमानतळ, असा दोन थांब्यांचा मार्ग बडोदेकरांना सोयीचा पडतो. बडोद्याच्या हरणी विमानतळावरून मुंबई किंवा दिल्ली गाठून तिथून युरोपची उड्डाणंही आहेत. शक्यतो सगळं एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर पुढचं पैशांसकट जातं आणि सामान पुन्हा चढवण्यासाठी बाहेर यावं लागतं. लंडनमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तर थांबा. शेंगेन व्हिसा ब्रिटनमध्ये चालत नाही आणि भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं विमान बदलायलाही वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. फ्रँकफुर्ट, कोपनहेगन, हेलसिंकी, पॅरिस यांपैकी काही घेतलंत तर हा प्रश्नच उरत नाही. इमिग्रेशन शेंगेनच्या पहिल्या विमानतळावरच होतं, म्हणून तिथे तीन तासांची उसंत ठेवा.

आइसलँडचं घड्याळ वर्षभर भारताच्या साडेपाच तास मागे असतं. उतरल्या दिवशी लांबची गाडी चालवू नका, विशेषतः रात्रभर जागून आला असाल तर.

गाडी आणि रस्ता

स्वतः गाडी चालवली तरच भरतीच्या वेळा पाळता येतात. दरजीपुऱ्याच्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या आणि मूळ लायसन्सही बरोबर ठेवा. गाडी भाड्याने देणारे चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड मागतात, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात. फॉरेक्स कार्ड किंवा दुसऱ्याच्या नावाचं कार्ड दाखवलं की काउंटरवरच अडतं. वाहतूक उजवीकडून, स्टिअरिंग डावीकडे आणि गिअर उजव्या हाताला. म्हणून ऑटोमॅटिक गाडीच घ्या. दोन्ही सवयी एकदम मोडायचा हट्ट कशाला? उन्हाळ्यात फक्त रिंग रोडवर, म्हणजे महामार्ग क्रमांक 1 वर राहणार असाल तर साधी गाडी पुरते. ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये चारही चाकांना जोर देणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) आणि हिवाळी टायरची घ्या.

डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 90 किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर 80, गावात 50. हेडलाइट दिवसाही चालूच ठेवायचे. रस्ता सोडून गाडी माळावर किंवा शेवाळावर नेणं गुन्हा आहे आणि दंड जबर असतो. एकपदरी पूल पुष्कळ आहेत, सरोवरावरचाही तसाच. जो पुलाच्या जवळ आधी पोचला त्याने आधी जायचं. समोरची गाडी नक्की थांबते आहे हे दिसल्याशिवाय पुढे घुसू नका आणि पुलावर फोटोसाठी थांबू तर अजिबात नका.

रेक्याविक ते सरोवर सुमारे 380 किलोमीटर, न थांबता पाच तास. वाटेत वीक हे गाव 185 किलोमीटरवर येतं, तिथे पेट्रोल भरा आणि किराणा घ्या. पुढे सत्तरेक किलोमीटरवर क्लॉस्टुर हे लहान गाव आहे, त्यानंतर स्काफ्ताफेल. सरोवरापाशी पेट्रोल पंप नाही. स्काफ्ताफेलजवळच्या फ्रेयसनेसला किंवा पूर्वेला 80 किलोमीटरवरच्या होफ्नला मिळतं. अर्ध्याखाली टाकी आली की भरायचीच. पंपावर माणूस नसतो, चिप आणि पिन असलेलं कार्ड लागतं. निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये परदेशी वापर सुरू करा आणि क्रेडिट कार्डाचा पिन पाठ आहे ना ते तपासा. भारतात ओटीपीची सवय झालेली असते, म्हणून पिन आठवत नाही आणि रात्री निर्जन पंपावर अडायला होतं. पंप सुरुवातीला मोठी रक्कम राखून ठेवतो. बाकीची नंतर सुटते, घाबरू नका.

खरा शत्रू वारा. अंदाजात तो मीटर प्रति सेकंदात सांगतात. 15 म्हणजे ताशी 54 किलोमीटर, 20 म्हणजे 72, 25 म्हणजे 90. पंधरा मीटरच्या वर गेला की सावध व्हा, वीसच्या वर उंच गाडी घेऊन निघू नका. स्काफ्ताफेल ते सरोवर हा पट्टा ओराइवायोकुल पर्वताच्या पायथ्याशी आहे आणि तिथे डोंगरावरून येणारे झोत फार जोराचे असतात. स्केयदाराउरसान्दुरच्या वाळवंटी मैदानात वारा वाळू उडवतो आणि गाडीचा रंग व काच खरवडून काढतो. साध्या विम्यात वाळू आणि राखेचं नुकसान धरत नाहीत, वेगळा हप्ता घ्यावा लागतो. वाऱ्याने दार उलटं फाकलं तर ते बहुधा कुठल्याच विम्यात बसत नाही. म्हणून गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा, एका वेळी एकच दार उघडा आणि ते दोन्ही हातांनी धरा. मुलांना स्वतः दार उघडू देऊ नका. हवामानासाठी वेदुर डॉट आयएस, रस्त्यांसाठी उम्फेर्दिन डॉट आयएस आणि सुरक्षिततेसाठी सेफट्रॅव्हल डॉट आयएस ही तीन संकेतस्थळं सकाळ-संध्याकाळ उघडा. आणीबाणीचा क्रमांक 112.

वाटेत स्काफ्ताफेलजवळ वाकलेल्या लोखंडी तुळया ठेवल्या आहेत, तिथे पाच मिनिटं थांबा. 1996 साली हिमाखाली ज्वालामुखीचा उद्रेक झाला, वितळलेल्या पाण्याचा महापूर आला आणि त्याने जुना पूल मोडला. त्याचे हे अवशेष. या भागात बर्फ आणि आग यांचं काय नातं आहे ते तिथे एका नजरेत कळतं.

बोट कोणती घ्यावी

सरोवरावर मुख्यतः दोन प्रकार आहेत. एक म्हणजे जमिनीवर आणि पाण्यात चालणारी चाकांची मोठी बोट. ती काठावरून सरळ पाण्यात उतरते, अर्धा-पाऊण तास हिमखंडांमधून फिरवते आणि परत आणते. चढायला काही पायऱ्यांची शिडी असते, पण एकदा बसलं की धक्के नसतात. आजी-आजोबा, लहान मुलं, गुडघेदुखीवाले यांच्यासाठी हीच. बोटीवर वाटाड्या शेकडो वर्षं जुन्या बर्फाचा स्वच्छ तुकडा हातात देतो. दुसरी झोडिअॅक, म्हणजे हवा भरलेली रबरी होडी. ती साधारण तासभर फिरते, हिमनदीच्या कड्याच्या दिशेने लांब जाते आणि कंपनी तरंगणारा जाड पोशाख देते. भाडं साधारण दुप्पट. दहा वर्षांखालच्या मुलांना बहुधा घेत नाहीत आणि पाठीचा त्रास असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी त्यात बसू नये. कडा पाहायचाच असेल तर झोडिअॅक, पण बर्फ दाटला असेल तर तीही पुढे जाऊ शकत नाही. कडा कोसळला की मोठी लाट उठते, म्हणून चालक दूरच थांबवतो. त्याला जवळ न्यायचा आग्रह धरू नका.

जुलै-ऑगस्टमध्ये आधी आरक्षण हवंच. वारा वाढला की फेऱ्या रद्द होतात, त्यामुळे बोट पहिल्या दिवशी दुपारची ठेवा. रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी संधी उरते. फक्त एकच दिवस असेल तर ती उरत नाही.

गर्दी टाळायची असेल तर पुलाच्या पश्चिमेकडच्या वाहनतळांवर जा. मुख्य थांबा पूर्वेला आहे, सगळ्या बस तिथेच लागतात. पश्चिमेला छोट्या टेकाडांवरून हिमनदी आणि सरोवर दोन्ही एकत्र दिसतात. पश्चिमेला आणखी दहा किलोमीटरवर फ्याल्सारलोन हे लहान सरोवर आहे. तिथे हिमनदीचा कडा बराच जवळून दिसतो, आणि योकुलसारलोनचे खंड आत सरकलेले असतील तर आम्ही तिथे जायला सांगू. वाहनतळाचं शुल्क मोबाइलवरून भरावं लागतं. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो आणि न भरल्यास रक्कम दंडासह गाडी भाड्याने देणाऱ्याकडे जाते. ड्रोनसाठी राष्ट्रीय उद्यानाची परवानगी लागते, तेव्हा नेऊच नका. योकुलसारलोन 2017 पासून वात्नायोकुल राष्ट्रीय उद्यानात आहे आणि हे उद्यान 2019 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

बर्फ वाचायचा कसा

सगळेच हिमखंड निळे नसतात. हिमनदीच्या तळाशी प्रचंड दाबाने बर्फातली हवा पिळून निघते आणि तो घट्ट, काचेसारखा होतो. तांबडा प्रकाश त्यात शोषला जातो आणि निळा बाहेर येतो. असा खंड उन्हा-वाऱ्यात काही दिवस राहिला की पृष्ठभागाला भेगा पडतात आणि तो पांढरा दिसू लागतो. म्हणून गडद निळा खंड दिसला की तो नुकताच तुटला किंवा उलटला आहे असं समजा. काळे पट्टे ज्वालामुखीच्या राखेचे आणि हिमनदीने खरवडून आणलेल्या दगडमातीचे. ढगाळ हवेत निळा रंग जास्त खुलतो, तेव्हा ऊन नाही म्हणून फिरायचं टाळू नका.

बर्फाचा जवळजवळ नऊ दशांश भाग पाण्याखाली असतो. खालून वितळला की तोल जातो आणि घराएवढा खंड क्षणात उलटतो. काठाला टेकलेला, भक्कम दिसणारा खंडही याला अपवाद नाही. त्यावर चढणं, त्याच्यावर उभं राहून फोटो काढणं जीवावर बेतू शकतं. पाण्याचं तापमान शून्याच्या आसपास असतं. त्यात पडणाऱ्याला पहिल्या मिनिटातच धाप लागून श्वास अनावर होतो, पाणी नाकातोंडात जातं आणि दहाएक मिनिटांत हातापायांत बळ उरत नाही. उत्तम पोहणाराही यातून सुटत नाही. शिवाय नदीच्या पात्रात ओहोटीची ओढ जोराची असते. मुलांचा हात काठावर सोडू नका.

डायमंड बीचवर समुद्राकडे पाठ करायची नाही. शांत वाटणाऱ्या लाटांनंतर एखादी दुप्पट मोठी येते आणि तिच्यात बर्फाचे जड तुकडे असतात. ते गुडघ्यावर आदळले तर माणूस पडतो आणि परतणारं पाणी ओढून नेतं. आधी दहा मिनिटं लांबून लाटा कुठवर येतात ते पाहा आणि ओल्या वाळूच्या रेषेच्या वरच राहा. जून-जुलैत कुररी पक्षी जमिनीवर अंडी घालतात आणि जवळ गेलं की डोक्यावर चोच मारतात. हात वर करून चाला किंवा मार्ग बदला. सीलपासून निदान पन्नास मीटर लांब राहा.

कपडे, खाणं, बाकीची तयारी

उन्हाळ्यातही तिथे दहा अंशांच्या आसपासच असतं आणि हिमनदीवरून येणारा वारा त्याला शून्याच्या जवळ नेल्यासारखं करतो. मे महिन्यात बडोद्यात 42 अंश असताना बॅग भरली की माणूस कमीच कपडे घेतो. आत लोकरीचं किंवा कृत्रिम धाग्याचं थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर वारा आणि पाऊस दोन्ही अडवणारं टोपीचं जॅकेट आणि पावसाळी पँट. जाड एकच स्वेटर नको, थर हवेत. आतून सुती बनियन आणि जीन्स नकोच, सुती कापड ओलं झालं की अंगाची ऊब ओढून घेतं. छत्री पहिल्याच झोतात मोडते. कानटोपी, हातमोज्यांच्या दोन जोड्या, घोट्यापर्यंतचे जलरोधक बूट घ्या. साडीची सवय असलेल्या ज्येष्ठ बायकांनी बोटीवर आणि किनाऱ्यावर तरी थर्मलवर पँट घालावी, पदर आणि निऱ्या वाऱ्यात पायात अडकतात. थंडीत गेलात तर बुटांना बांधायचे खिळेदार पट्टे घ्या, वाहनतळावरच बर्फ निसरडा असतो.

थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादाची आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. खाऱ्या तुषारांनी लेन्स धूसर होतो, मऊ फडकी दोन-तीन घ्या. प्लग युरोपीय दोन गोल खुंट्यांचे, 230 व्होल्ट. आपले तीन खुंट्यांचे चार्जर बसत नाहीत, अॅडॉप्टर लागतो.

सरोवरापाशी खाण्याची सोय मर्यादित आणि महाग आहे. सूप, सँडविच, एवढंच. खाकरा, थेपले, लीलो चिवडो, भाकरवडी, मेतकूट, लोणचं घ्या, पण दूध आणि मांसाचे पदार्थ, म्हणजे पेढे, श्रीखंड, चीज, बरोबर नेऊ नका. कस्टमचे नियम त्याबाबत कडक आहेत. एकूण खाद्यपदार्थ माणशी तीन किलोंच्या आत ठेवा. थेपले दोन-तीन दिवसांत संपतील एवढेच, बाकी कोरडं. स्वयंपाकघर असलेलं गेस्टहाउस घेतलंत तर मूगडाळ-तांदळाची खिचडी रोज होते. वीकच्या सुपरमार्केटमधून बटाटे, भाज्या, ब्रेड घ्या. नळाचं थंड पाणी स्वच्छ असतं, बाटल्या विकत घेऊ नका. स्कीर हे दह्यासारखं घट्ट आणि पोटभरीचं असतं, पण काही प्रकारांत रेनेट, म्हणजे दूध जमवण्यासाठी वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ, असतं. कडक शाकाहारींनी डब्यावरचे घटक वाचावेत.

राहण्यासाठी सर्वांत जवळ हाली आणि गेर्दी, पश्चिमेला होफ आणि फ्रेयसनेस, पूर्वेला होफ्न. पहिली चार ठिकाणं अगदी लहान आहेत आणि उन्हाळ्यासाठी महिनोन्महिने आधी भरतात. म्हणून व्हिसाच्या अर्जाआधीच मोफत रद्द करता येणारी खोली धरा. तो कागद अर्जालाही लागतो. गाडीत रात्र काढणं फक्त ठरलेल्या कॅम्पिंगच्या जागीच चालतं. दवाखाना होफ्न आणि क्लॉस्टुर येथे आहे. रक्तदाब-मधुमेहाची औषधं प्रिस्क्रिप्शनसह हातातल्या बॅगेत ठेवा.

दिवसांची आखणी

पहिला दिवस रेक्याविक किंवा सेल्फोसला विश्रांती. दुसऱ्या दिवशी सेल्यालान्सफोस आणि स्कोगाफोस हे धबधबे बघत वीक किंवा क्लॉस्टुर. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सरोवर, बोट, मग ओहोटी बघून काठावर आणि संध्याकाळी मुक्कामी. चौथ्या दिवशी दहाच्या आत परत सरोवर आणि किनारा, पाणी उतरत असेल तिथे आधी. मग वीककडे परत. पाचव्या दिवशी रेक्याविक. सहावा दिवस मोकळा ठेवा आणि त्यानंतरच परतीचं विमान, कारण वाऱ्याने महामार्ग 1 बंद झाला तर तो कधी उघडेल हे आपल्या हातात नसतं. आइसलँडमध्ये रोख पैसे जवळजवळ लागत नाहीत, एक क्रोना म्हणजे साठ-सत्तर पैसे असा अंदाज धरून हिशेब करा. गाडी परत देण्याआधी टाकी भरून पावती जपा आणि चारी बाजूंनी, काचेसकट फोटो काढून ठेवा.